विद्युत्-घटातील घट्ट रस

(जालना येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. अशा प्रसंगी समाजाचा इतिहास, लग्नखर्चातील काटकसर अथवा मुलींचे शिक्षण यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे खरेच. परंतु आज आम्ही लिथियमच्या विद्युत्-घटाविषयी, म्हणजे ज्यास आपण सारे बॅटरी म्हणतो तिच्याविषयी, आणि विशेषेकरून तिच्या पोटातील रस घट्ट करण्याच्या विद्येविषयी बोलणार आहोत. कासारांच्या संमेलनात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहिला असेल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात आपोआप मिळेल. आम्ही कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना शास्त्र व गणित शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा जे सांगावयाचे ते फळ्यापुढे उभे राहून सांगावे, त्याच रीतीने सांगू.

आपल्या समाजाचे नाव 'कांस्यकार' या शब्दावरून आले आहे. तांबे आणि कथील यांचे कासे होते, तांबे आणि जस्त यांचे पितळ होते, हे ज्ञान पुस्तकात येण्यापूर्वी आपल्या वाडवडिलांच्या हातात होते. आता गंमत अशी की, ज्या दोन धातूंच्या मिलाफातून आपले पितळ जन्मास आले, त्याच दोन धातूंना एकमेकांपासून वेगळे ठेवल्याने वीज निर्माण होते. इ. स. १८०० मध्ये इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने दोन भिन्न धातूंच्या चकत्या एकीवर एक रचल्या आणि प्रत्येक जोडीमध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेला तुकडा ठेवला. एक धातू चांदी किंवा तांबे आणि दुसरा जस्त. त्या चवडीची दोन टोके तारेने जोडताच तारेतून अखंड विजेचा प्रवाह वाहू लागला. पुढे १८३६ साली इंग्लंडमधील डॅनियल याने तांबे व जस्त यांचाच अधिक टिकाऊ घट तयार केला. शाळेत शास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने त्याची आकृती वहीत काढलेली असेल.

या साऱ्या घटांत तीन वस्तू असतात. एक धन बाजू, एक ऋण बाजू आणि दोहोंमधील रस. या रसास इंग्रजीत इलेक्ट्रोलाइट आणि आपल्या परिभाषेत विद्युत्-विच्छेद्य म्हणतात. आज आपण त्यास नुसते 'रस' म्हणू. रसाचे काम मोठे चमत्कारिक आहे. विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, त्याने आपल्यातून जाऊ द्यावयाचे नाहीत. ते बाहेरच्या तारेनेच गेले पाहिजेत, कारण तारेतून जाता जाताच ते दिवा पेटवितात आणि पंखा फिरवितात. परंतु विद्युत्-भार घेतलेले अणू, ज्यांस आयन म्हणतात, त्यांना मात्र रसाने मोकळी वाट दिली पाहिजे. वेशीवरचा चौकीदार जसा गाडीला अडवितो आणि पायी माणसाला आत सोडतो, तसेच हे काम होय. चौकीदार झोपला की अनर्थ झाला, हेही ध्यानात ठेवावे. त्या अनर्थाकडे आपण पुढे येणार आहोत.

रस पातळ असला की तो सांडतो, वाळतो, भांडे कुरतडतो. ही अडचण आजची नव्हे. फ्रान्समधील लेक्लांशे याने १८६६ साली नवसागराच्या पाण्याचा घट केला. भांड्याला कल्हई लावताना जो पांढरा धूर उठतो, तो याच नवसागराचा. आपल्या घराघरांतील जुन्या माणसांच्या नाकाला त्याचा वास अजून आठवत असेल. हा घट चांगला होता, पण काचेच्या बरणीतील पाणी सांडू नये म्हणून त्यास एका जागी ठेवावे लागे. १८८६ साली जर्मनीतील गासनर याने नवसागराच्या पाण्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून त्याचा लगदा केला. पुढे त्या जागी पीठ व खळ आली आणि हातात धरावयाचा विजेरीचा सेल जन्मास आला. त्यास आपण 'कोरडा सेल' म्हणतो. परंतु तो वास्तविक कोरडा नसतोच. त्याचे पाणी केवळ खळीत धरून ठेवलेले असते. शेतकरी बंधू पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप घेऊन कपाशीत वाकतात आणि तरी पाठीवर अ‍ॅसिड सांडत नाही. त्यातील शिसे-अ‍ॅसिडाच्या बंद बॅटरीचेही तेच मर्म आहे. अ‍ॅसिड तेथे काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते, किंवा १९५७ साली जर्मनीत निघालेल्या युक्तीप्रमाणे वाळूच्या कुळातील सिलिकेच्या भुकटीने गोठविलेले असते. ओली वस्तू ओलीच ठेवावयाची, पण तिचे वाहणे थांबवावयाचे, हे एकच सूत्र या सर्वांत आहे. आजच्या विषयाचे बीज हेच.

आता लिथियमकडे वळू. हा धातू १८१७ साली स्वीडनमधील आर्फवेडसन याने शोधला. सर्व धातूंत हा हलका. पाण्यावर टाकला तर तरंगेल, पण तरंगता तरंगता पाण्याशी झोंबून त्यातून हायड्रोजन वायू बाहेर काढील. वजनाने हलका आणि विद्युत्-दाबाने भारी, या दोन गुणांमुळे घटासाठी त्याच्यासारखा धातू नाही. विजेरीचा सेल दीड व्होल्टचा आणि शिसे-अ‍ॅसिडाचा एक कप्पा दोन व्होल्टचा असतो. लिथियमचा एक घट मात्र पावणेचार व्होल्टच्या घरात जातो. अमेरिकेतील व्हिटिंगहॅम, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला काम करणारे गुडइनफ आणि जपानचे योशिनो या तिघांच्या परिश्रमांतून हा घट घडला. १९९१ साली तो जपानमधून बाजारात आला आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. साठी ओलांडली की आपले शिकणे संपले असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा आकडा घरात लिहून ठेवण्याजोगा आहे.

या घटाची रचना आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन ऐकावी. त्याच्या ऋण बाजूस तांब्याचा पत्रा असतो. तो इतका पातळ, की त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी भरते. त्यावर शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटचा लेप असतो. धन बाजूस अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर लिथियमयुक्त धातूच्या संयुगाचा लेप असतो. ऋण बाजूला तांबेच का? कारण तेथील विद्युत्-दाबाला अ‍ॅल्युमिनियम लिथियमशी मिसळून ठिसूळ होतो. तांबे मात्र लिथियमला दाद देत नाही. दोहोंमध्ये प्लॅस्टिकचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो आणि सर्व काही रसात भिजलेले असते. चार्ज करताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघून ग्राफाइटच्या थरांत शिरतात, आणि वापरताना तेथून परत येतात. म्हणजे आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये तांब्याचा एक पत्रा आहे. घरातील हंडे-घागरी स्टेनलेस स्टीलने आणि प्लॅस्टिकने बाहेर काढल्या. पण तांबे घराबाहेर गेले नाही. ते रूप पालटून खिशात येऊन बसले.

असा हा गुणी घट असताना दोष कोठे आहे? दोष रसात आहे. लिथियमचे आणि पाण्याचे वैर. शिवाय इतक्या विद्युत्-दाबाला पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे तुकडे पडतात. म्हणून येथे पाण्याचा रस चालत नाही. त्याऐवजी कार्बोनेट जातीचे सेंद्रिय द्रव घेऊन त्यांत लिथियमचा क्षार विरघळवितात. या द्रवांपैकी काही अगदी सहज पेट घेणारे आहेत. वाफ धरण्याच्या कामी त्यांचे वागणे रॉकेलपेक्षाही अधिक चंचल आहे. आता उन्हाळ्यात आपल्या जालना जिल्ह्याचा पारा ४० अंशांवर जातो हे आपण जाणतोच. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या पेटीत तो याहून वर चढतो. त्यातच घट वेगाने चार्ज केला, अथवा त्यात काही बिघाड असला, तर लिथियम ग्राफाइटच्या थरांत न शिरता वरच साचू लागते आणि त्याचे बारीक कोंब फुटतात. विजेने मुलामा चढविणाऱ्या कारागिराला हे नवीन नाही. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढविला की मुलामा गुळगुळीत न बसता त्याला काटे येतात, तसेच हे. असा एखादा कोंब पडदा भेदून पलीकडे पोहोचला की मघाचा चौकीदार झोपलाच म्हणावयाचे. इलेक्ट्रॉन आतूनच धावतात, घट तापतो, त्या उष्णतेने रसाची वाफ होते, घट फुगतो आणि फुटून पेटतो. एक पेटला की शेजारचा पेटतो. २०२२ साली पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विजेवरच्या दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र शासनाने अशा वाहनांच्या बॅटऱ्यांविषयीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू केले.

नियम आवश्यकच आहेत. पण नियमाने रसाचा स्वभाव पालटत नाही. तो पालटावयाचा तर रसच बदलला पाहिजे. येथे आपल्या माता-भगिनींच्या नित्य व्यवहारातला एक दृष्टांत आमच्या उपयोगी पडतो. दूध पातळ असते. त्याला विरजण लावले की सकाळी दही होते. दुधात जेवढे पाणी होते तेवढेच दह्यात असते. एक थेंबही कमी झालेला नसतो. तरी भांडे थोडे कलते केले तर दही सांडत नाही. हे कशामुळे? दुधातील प्रथिनांचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून जाळे विणतात आणि त्या जाळ्याच्या घरांत पाणी अडकून बसते. खरवसाचे तसेच, सुरीने वडी कापता येते, पण त्यात बहुतांश पाणीच असते. शास्त्रात या अवस्थेस 'जेल' म्हणतात. जेल हे धड घन नव्हे, धड द्रव नव्हे. बाहेरून पाहणाऱ्यास ते घन भासते. आत फिरणाऱ्या आयनाला मात्र ते द्रवच असते. यातच त्याचे सारे महत्त्व आहे.

लिथियमच्या घटात प्रथिनांच्या जागी बहुवारिक वापरतात. बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, म्हणजे एकाच जातीच्या लहान रेणूंची लांबच लांब साखळी. घटात वापरली जाणारी बहुवारिके आपल्या परिचयाच्या कुळांतलीच आहेत. ज्या पदार्थाची स्वेटरची लोकर होते तो अ‍ॅक्रिलिक तंतूचा पदार्थ एक. दुकानाच्या पाटीसाठी वापरतो तो काचेसारखा अ‍ॅक्रिलिक पत्रा दुसरा. पॉलिइथिलिन ऑक्साइड हे त्यांतील सर्वांत गाजलेले नाव होय. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली दाखविले की, या बहुवारिकात क्षार विरघळतो आणि त्यातून आयन चालतात. १९७८ साली फ्रान्सच्या आर्मांद यांनी त्याचा बॅटरीत उपयोग करावा असे सुचविले. या दोहोंच्या मधल्या काळात, १९७५ साली, फ्यूयाद व पेर्श या दोघा फ्रेंच संशोधकांनी बहुवारिकाच्या जाळ्यात द्रव रस कोंडून त्याचे जेल केले. आजच्या जेल-रसाची वंशावळ तेथपर्यंत जाते.

येथे कोरडे बहुवारिक आणि जेल यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. कोरड्या बहुवारिकात द्रव मुळीच नसतो. लिथियमचा आयन साखळीवरील ऑक्सिजनच्या अणूंना धरून बसतो. साखळी वळवळली की तो एका अणूचा हात सोडून दुसऱ्याचा हात धरतो. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागर हातोहात द्यावी, तसा हा प्रवास. रांगेतील माणसे गारठलेली असली की घागर पुढे सरकत नाही. म्हणून पॉलिइथिलिन ऑक्साइडचा कोरडा रस साधारण ६० ते ८० अंश उष्णतेवरच नीट काम देतो. जेलमध्ये मात्र जाळ्याच्या घरांत द्रव असतोच. आयन त्यात पोहत जातो. त्यामुळे उत्तम जेलची वहनक्षमता द्रव रसाच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत पोहोचते, आणि तीही नेहमीच्या हवेत. कोरड्या बहुवारिकाची त्याच हवेतील वहनक्षमता याच्याही शेकडो पटींनी खाली राहते. व्यवहारास दहावा हिस्सा पुष्कळदा पुरतो, कारण दोन बाजूंमधील अंतर केसाच्या जाडीहून कमी असते.

आता आमच्या महाराष्ट्रात याविषयी काय झाले ते सांगतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला सर्वजण एनसीएल म्हणतात, तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. जेल या विषयाची तेथे जुनी परंपरा आहे. गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी तेथे फुगणाऱ्या व आकसणाऱ्या बहुवारिकांवर काम केले आणि पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून धरणारा 'जलशक्ती' नावाचा पदार्थही याच प्रयोगशाळेतून निघाला होता. कोरडवाहू शेतीत मुळांपाशी ओल टिकावी हा त्याचा हेतू. दुष्काळाचे चटके सोसलेल्या मराठवाड्याला अशा संशोधनाचे मोल वेगळे सांगावयास नको. म्हणजे द्रव धरून ठेवणारी ही विद्या शेताच्याही कामी येते आणि बॅटरीच्याही.

याच प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटाने लिथियमच्या घटासाठी जेल-रसाचा अभ्यास केला. त्यांच्याकडील विद्यानंद विजयकुमार या तरुण संशोधकाने जर्मनीतील म्युन्स्टर येथील शास्त्रज्ञांसह या विषयाचा एक विस्तृत आढावा लिहिला. तो २०२१ साली एका प्रतिष्ठित इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा विषय असा की, जेल बाहेर तयार करून घटात बसविण्याऐवजी ते घटाच्या पोटातच तयार करावे. पुन्हा दह्याकडे या. एका भांड्यात लावलेले दही डावाने काढून दुसऱ्या भांड्यात घातले तर काय होते? ते मोडते, मध्ये पोकळ्या राहतात, पाणी सुटते. तेच दूध पातळ असताना हव्या त्या भांड्यात ओतून तेथेच विरजले तर दही कोपऱ्या-कोपऱ्यांत बसते आणि भांड्याचा आकार घेते. तसेच येथे करतात. लहान रेणूंचा पातळ द्रव घटात भरावयाचा. तो लेपाच्या प्रत्येक छिद्रात शिरला की उष्णतेने किंवा अतिनील प्रकाशाने त्या रेणूंच्या साखळ्या गुंफावयाच्या. रस जागच्या जागी गोठतो आणि दोन्ही बाजूंना घट्ट चिकटून राहतो. शिवाय कारखान्यातील सध्याची द्रव भरण्याची यंत्रे फारशी न बदलता हे साधण्याची आशा असते. मोठमोठ्या समीकरणांच्या मागे असलेली ही कल्पना आपल्या घरातील कोणत्याही आजीबाईस सहज समजेल अशी आहे.

तथापि एकच बाजू सांगणे शिक्षकाला शोभत नाही. जेल म्हणजे आगीवरचा रामबाण नव्हे. त्यात द्रव आहेच, आणि द्रव आहे तेथे थोडाफार धोका आहेच. फायदा एवढा की तो गळत नाही, त्याची वाफ सावकाश होते आणि कोंबांना वाट काढणे कठीण जाते. द्रवाचे प्रमाण वाढवावे तर आयन वेगाने चालतात, पण जेल लिबलिबीत होते. बहुवारिक वाढवावे तर बळकटी येते, पण वेग मंदावतो. दही फार दिवस ठेवले तर त्यास पाणी सुटते, तसे काही जेलांनाही कालांतराने सुटते. कोरड्या बहुवारिकाचीही कथा ऐका. पॅरिस शहरात असा रस व लिथियम धातू वापरलेल्या मोटारी २०११ पासून २०१८ पर्यंत भाड्याने धावल्या. परंतु त्याच जातीच्या बॅटऱ्या असलेल्या दोन बसगाड्यांना एप्रिल २०२२ मध्ये आगी लागल्या आणि तेथील वाहतूक संस्थेने तशा १४९ बसगाड्या काही काळ रस्त्यावरून काढून घेतल्या. 'पॉलिमर' हा शब्द म्हणजे अभयपत्र नव्हे, हा त्याचा बोध.

हा बोध आमच्या तरुण मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावा. मोबाइलच्या चपट्या बॅटरीवर पुष्कळदा 'लिथियम पॉलिमर' अशी अक्षरे असतात. त्यावरून आत सर्व काही घट्टच आहे असे समजू नये. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, घट लोखंडी डबीऐवजी मऊ पाकिटात बंद केलेला आहे. आत पातळ रस असू शकतो. आपल्या समाजातील कितीतरी मुले आज मोबाइल व विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीत पडली आहेत. वडिलांच्या हातात हातोडी होती, मुलाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आहे, आणि दोन्ही श्रमांस आम्ही सारखाच मान देतो. परंतु फुगलेले पाकीट सुईने टोचून वायू काढणे आणि ते दाबून पुन्हा बसविणे, असे प्रकार कोठे कोठे चालतात असे ऐकतो. हे प्राणघातक आहे. फुगलेली बॅटरी म्हणजे आत काही बिघडल्याची घटानेच दिलेली वर्दी होय. ती वापरातून काढावी, वाळूच्या भांड्यात घराबाहेर ठेवावी आणि रीतसर गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन करावी.

दुसरी गोष्ट. महिनोन्महिने पडून पार उतरलेली लिथियमची बॅटरी थेट तारा लावून 'जिवंत' करू नये. प्रमाणाबाहेर उतरलेल्या घटात आपले तांबेच विरघळून रसात उतरते, आणि चार्ज करताना ते भलत्या जागी मुलाम्यासारखे चढते. मुलामा कोठे चढावा आणि कोठे चढू नये हे कासाराच्या मुलाला कोणी शिकवावे? तिसरी गोष्ट. जुन्या बॅटऱ्या उकिरड्यावर टाकू नयेत, जाळू तर मुळीच नयेत. २०२२ साली केंद्र शासनाने बॅटरी-कचऱ्याचे नियम केले आहेत. त्यांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांतील धातू काढण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आणि कासाराने तरी मोड कधी फेकून दिली आहे काय? जुनी मोड घेऊन नवे भांडे देणे ही तर आपल्या दुकानाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. "जालना सोने का पालना" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. या गावाने बियाण्यांच्या धंद्यात देशभर नाव मिळविले. येथील बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. येथील भट्ट्यांत भंगारापासून पोलाद होते. २०१८ साली मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे १९३३ साली स्थापन झालेल्या जुन्या 'यूडीसीटी'ची, मराठवाड्यातील शाखा आपल्या जालन्यात सुरू झाली. डॉ. माशेलकर ज्या संस्थेत शिकले तीच ही संस्था. ज्या विद्येसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे ती आता आपल्या दारी आली आहे. इकडे शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बिडकीन येथे विजेवरच्या दुचाकी व त्यांच्या बॅटऱ्यांचा कारखाना उभारण्याचे एका कंपनीने २०२४ साली जाहीर केले. पुण्यात डिसेंबर २०२३ मध्ये लिथियमऐवजी सोडियमवर चालणारी बॅटरी दाखविण्यात आली; तीत तेथील 'आयसर' या विज्ञानसंस्थेचे संशोधन आहे. सोडियम मिठातून मिळते. आणि सोडियमच्या घटात तांब्याच्या पत्र्याऐवजी दोन्ही बाजूंस अ‍ॅल्युमिनियम चालते. म्हणजे तांब्याची ही नवी जागाही कायमची आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. धातू बदलत जातील. धातूंचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे तो टिकेल.

स्टेनलेस स्टील बाजारात आले तेव्हा आपल्या समाजाने काय केले, हे ज्येष्ठांना आठवत असेल. काहींनी दुकानातला माल बदलला आणि ते तरले. काहींच्या भट्ट्या विझल्या. विझलेल्या भट्टीचा दोष आम्ही कोणास देत नाही. परंतु त्या वेळी आपल्यातला एखादा धातुशास्त्र शिकलेला असता, तर त्याने दहा वर्षे आधी सावध केले असते, असे आम्हांस राहून राहून वाटते. आज तशीच वेळ पुन्हा आलेली आहे. बॅटरीचे युग दाराशी उभे आहे. त्यात आपली मुले केवळ गाड्या विकणारी आणि पाकिटे बदलणारी राहणार, की त्या पाकिटातला रस कालविणारी होणार, हा प्रश्न आहे. आपल्या वाडवडिलांनी कोणाच्या परवान्याची वाट न पाहता कथील किती आणि तांबे किती हे प्रमाण शोधले. बहुवारिक किती आणि द्रव किती, हाही प्रमाणाचाच प्रश्न आहे. हे काम आपल्या रक्तात आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण रक्ताने काही येत नसते, अभ्यासाने येते.

म्हणून कार्यकारी मंडळाच्या विचारार्थ तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, संमेलनातील हारतुरे, शाल-श्रीफळे यांच्या खर्चातून निम्मी रक्कम बाजूस काढून रसायनशास्त्र अथवा धातुशास्त्र शिकणाऱ्या एका मुलास आणि एका मुलीस दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी. मुलीचे नाव आम्ही सौजन्यापोटी घेतलेले नाही. विरजणाचे प्रमाण आणि वेळ ओळखण्याची नजर घरात कोणाची असते, हे आपण सर्व जाणतो. दुसरी, दहावीच्या विद्यार्थ्यांची एक सहल तीर्थस्थानाप्रमाणेच जालन्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत, तेथील परवानगी घेऊन, न्यावी. तिसरी, समाजाच्या कार्यालयात जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची एक सुरक्षित पेटी ठेवावी आणि दुरुस्तीच्या धंद्यातील तरुणांसाठी वर्षातून एक दिवस जाणत्या माणसाकडून मार्गदर्शन ठेवावे. या तिन्हींना मिळून एका मध्यम लग्नाच्या मांडवाएवढाही खर्च येणार नाही.

बंधु-भगिनींनो, आमच्या शाळेच्या फळ्यावर आम्ही वर्षानुवर्षे डॅनियलचा घट काढला. तांबे एका बाजूला, जस्त दुसऱ्या बाजूला आणि मध्ये रस. आज त्या आकृतीतील जस्त गेले, लिथियम आले. पाणी गेले, जेल आले. परंतु मध्ये रस हवा, आणि तो धरून ठेवणारे जाळे हवे, हे तत्त्व टिकून आहे. समाजाचेही असेच आहे, असे आम्हांस वाटते. तरुणांच्या अंगचा उत्साह हा पातळ रस होय; तो धरून ठेवणारे, पण अडवून न ठेवणारे जाळे म्हणजे आपले मंडळ. आपण ते जाळे नीट विणावे, एवढीच प्रार्थना.

जय हिंद! जय महाराष्ट्र!